शनिवारची दहा मिनिटं

नियोजन कोणाला नको असतं? लग्नाचं करतो, भातलावणीचं करतो, मग शाळेचं का नको? खालापूर तालुक्यात नदीकाठच्या एका शाळेत पाचवीला शिकवणाऱ्या सुनंदाबाईंचं वार्षिक नियोजन तर पाहत राहावं असं. भिंतीवर रंगीत तक्ता, दर आठवड्याला एक चौकोन, आणि एकोणीस वर्षांत एकही चौकोन मागे पडला नव्हता. मुलांच्या प्रश्नांनाही त्यात जागा होती: शनिवार, शेवटची दहा मिनिटं. यंदा हाच तक्ता नमुना म्हणून साऱ्या तालुक्याला पाठवायचं केंद्रप्रमुख जगदीश सरांच्या मनात होतं. फेब्रुवारीअखेरची पाहणी तेवढी बाकी होती.

जानेवारीतल्या एका मंगळवारी भागाकार चालू असताना वाडीवरच्या ठकीनं विचारलं, "बाई, पाऊस नाय, तरी सांजचं नदीचं पाणी वाढतं कसं?"

"शनिवारी विचार," बाई म्हणाल्या.

शनिवारी ठकी आईबरोबर रानात मोळ्या आणायला जाई. तो शनिवार गेला, पुढचाही गेला. मग तिनं विचारणंच सोडलं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या धोंडूबाईंनी एकदा डाव फिरवता फिरवता विषय काढला. पोर रोज घाटाच्या पायरीवर बसून काठीला खुणा करते, तुमी बघितलं नाय का? बाईंनी सांगितलं, वीजनिर्मितीचा धडा मार्चात आहे, तेव्हा कळेल तिला.

धोंडूबाई हसल्या. "रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून आमी राब भाजतो, तो ठरल्या वेळी. पण लावणी पाण्यावर. शेतात पाणी उभं हाय आणि लावणी पुढल्या सोमवारी, असं म्हणणारा शेतकरी बघितलाय कधी? रोप पिवळं पडतं, बाई."

ते वाक्य बाईंच्या मनातून जाईना. एका प्रशिक्षणात त्यांनी केऑस थिअरीवर व्याख्यान ऐकलं होतं. आरंभीचा तिळाएवढा फरक पुढे डोंगराएवढा होतो, म्हणून हवामानाचा अंदाज फार लांबचा बांधता येत नाही. वर्गाचंही तसंच, एक प्रश्न कुठवर नेईल ते आधी सांगता येत नाही. बाईंनी हे सुवाच्य अक्षरात टिपून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. आणि तीळ समोर पडला, तेव्हा तो शनिवारवर ढकलला!

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठकीला काठी वर्गात आणायला सांगितली. शाळा भरताना आणि सुटताना, धोंडूबाईंना सोबत घेऊन, सगळा वर्ग पायरीवरून पाणी मोजू लागला. खुणांतून वजाबाकी आली, सरासरी आली, शेवटी खोपोलीचं वीजघर आलं. संध्याकाळी मुंबईला जास्त वीज लागली की तिथे पाण्यावर चाकं फिरवून ती तयार करतात आणि ते पाणी नदीत सुटतं, तेच हे पाणी. तक्त्यावरचे तीन चौकोन मात्र तसेच राहिले.

पाहणीला आलेल्या जगदीश सरांना आधी तेच दिसले. हा नमुना म्हणून कसा पाठवू, असं त्यांनी बाईंना बाजूला घेऊन विचारलं. बाईंनी एकदा तक्त्याकडे पाहिलं आणि ठकीला उभं केलं. ठकीनं काठी धरून सारं समजावलं. तिला पेचात पकडायचं म्हणून सरांनी विचारलं, "मग उद्या किती वाढेल?"

"वाढंल एवढं नक्की, सर. तिसऱ्या पायरीच्या वर जायचं नाय, ते पण नक्की. पण किती बोटं, ते मुंबईत कोण कोण पंखा लावतंय त्यावर हाय."

सर हसले, मग बराच वेळ काठीवरच्या खुणा पाहत राहिले.

तालुक्याला तक्ता दुसऱ्या शाळेचा गेला. तरी एकोणीस वर्षांत सुनंदाबाईंची मान इतकी ताठ कधी झाली नव्हती.

काठ हवेतच, काठांशिवाय नदी कसली? पण पाणी कधी वाढायचं, ते काठानं ठरवू नये. तुमच्या-आमच्या घरात मूल काही विचारील, तेव्हा त्याला शनिवार दाखवू नका. बाईंच्या नव्या तक्त्यात आता दर आठवड्याला एक चौकोन कोरा असतो. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एवढंच लिहिलेलं असतं: ठकी.