शहादेव सरांची शाल

“सर, तुमी शाळा सोडून औरंगाबादला कंपनीत चालले म्हणं. खरं हाय का?”

शिवांजलीच्या तोंडून प्रश्न निघाला आणि दहावीचा वर्ग असा गप्प झाला, की मागच्या बाकावर पेनाच्या टोपणाची शिट्टी वाजवणारा अमरसिंह टोपण गिळता गिळता वाचला.

प्रश्न खरं तर तिचा नव्हता. मधल्या सुट्टीत सत्यशीलेनं “एवढी भाषणं ठोकतीस, सरांना विचारायचा दम हाय का?” असं डिवचलं होतं, आणि खिडकीजवळची आपली जागा आठ दिवसांसाठी पैजेवर लावली होती. दोन महिन्यांपूर्वीची शिवांजली असती तर खाली मान घालून बसली असती. तेव्हा हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही तिचा आवाज घशातच राहायचा. पण गेवराईला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आला आणि तिला स्वतःच्या आवाजाची अशी काही गोडी लागली, की ही पोरगी आता ताटावर मीठ मागतानाही ‘उपस्थित मान्यवर’ म्हणते की काय, अशी तिच्या आईला, शिवम्माला, धास्ती पडली होती.

शहादेव सरांनी खडू हातातल्या हातात फिरवला. “पत्र आलंय,” ते म्हणाले. “पण माझं अजून काही ठरलेलं नाही. चला, समीकरण लिहा.”

शिवांजलीनं खिडकी जिंकली. आणि शाळा सुटल्यावर बातमी सांगताना तिनं पहिलं वाक्य ठणठणीत सांगितलं, दुसरं सोडून दिलं. दुसऱ्यात काही मजाच नव्हती. काही ठरलेलं नाही, ही काय बातमी झाली?

पत्र मात्र खरं होतं. औरंगाबादजवळ वाळूजला रंगीत टीव्ही जोडण्याची नवी कंपनी निघाली होती आणि तिनं सरांना नोकरीवर बोलावलं होतं. उमापुरातली ही शाळा नऊ वर्षं विनाअनुदानित, आणि अनुदान दरसाल ‘पुढच्या वर्षी नक्की’. सर नऊ वर्षं बहुतेक आशेवरच शिकवत होते. पण कंपन्यांचं तरी काय खरं होतं? एकीकडं फीत कापत होते, दुसरीकडं कुलूप लावत होते. सगळीकडं ‘आता नवा जमाना’ चालू होतं आणि तो कुणाचा, ते कुणालाच माहीत नव्हतं.

बातमी दोन दिवसांत सुंदररावांपर्यंत पोचली. सुंदरराव म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांना सत्काराचं लई वेड. मागल्या वर्षी बदली झालेल्या पोस्टमनला त्यांनी वाजतगाजत निरोप दिला. पुढं बदली रद्द झाली, तरी लाजेकाजेनं त्या बिचाऱ्यानं खटपट करून दुसरी बदली मागून घेतली. शाल अंगावर घेतलेला माणूस पुन्हा गावात दिसला तर लोकांनी काय समजायचं?

शनिवारी सकाळी शाळेत मांडव. शाल शिवांजलीच्या वडलांच्या, रुद्रप्पांच्या, कापड दुकानातली. चांगली तपकिरी, काठाची. भाषण अर्थातच शिवांजलीचं. ‘आमच्या जीवनातला दीपस्तंभ आज दूर चालला’ असं ती अशा सुरात म्हणाली, की आपल्या बोलण्यानं तिचेच डोळे भरून आले. सर सत्काराला उत्तर द्यायला उठले. “मला एक सांगायचं आहे,” म्हणाले. टाळ्या. “म्हणजे मी आज सकाळीच...” पुन्हा टाळ्या. तेवढ्यात सुंदररावांनी माईक ओढून घेतला. “सर गहिवरलेत! आपण त्यांना जास्त त्रास देऊ नये.” लगेच नारळ, फोटो, पोहे.

सोमवारी गणिताच्या तासाला शिकवायला कुणीच आलं नाही. वर्गानं अर्धा तास दंगा केला. मग सत्यशीला म्हणाली, “अंजे, आता वर्गसमीकरणं कोण शिकवणार गं? बोर्डाला चार महिने राहिलेत.” शिवांजलीची वही तर सरांकडंच तपासायला होती. सायन्सला जायचं तिनं घरी जाहीर करून टाकलं होतं, आणि गणितात तिची गाडी अजून ‘क्ष बरोबर’च्या पुढं जात नव्हती.

संध्याकाळी ती सरांच्या खोलीवर गेली. सर पत्र्याच्या पेटीत पुस्तकं भरत होते. सगळ्यांत वर शाल, घडी न मोडलेली.

“घे तुझी वही. सातवं उदाहरण पुन्हा कर.”

“सर, वाळूजला कधी निघणार?”

“वाळूजला नाही. कड्याला, बहिणीकडं. पुढचं पुढं.” सर हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “शनिवारी सकाळी कंपनीला कार्ड टाकलं मी. येत नाही म्हणून कळवलं. तुमची दहावी होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. ते सांगायला शाळेत आलो, तर मांडव.”

“मग थांबा की!”

“शाल पांघरलेला मास्तर फळ्यापुढं कसा उभा राहणार गं? पोस्टमनचं पाहिलंस ना तू?” पेटीचं झाकण लावत त्यांनी विचारलं, “त्या दिवशी मी म्हणालो होतो, माझं अजून काही ठरलेलं नाही. तेसुद्धा सांगितलं होतंस ना सगळ्यांना?”

दोन महिन्यांत पहिल्यांदाच शिवांजलीला एक शब्द सुचला नाही. वही छातीशी धरून ती निघाली. वाटेत दोनदा रडली, एकदा स्वतःला शिव्या दिल्या, आणि मारुतीच्या पारापर्यंत येता येता तिचा आवाज परत आला.

दिवेलागण झाली होती. दुकान आणि घर एकाच छताखाली. आप्पा कापडाचे तागे रचत होते, आई उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. शिवांजली दोघांच्या मधोमध उभी राहिली.

“आप्पा, आई, मी एक ठरवलंय.”

“आता काय आणखी?” आई म्हणाली.

“उद्या प्रार्थनेच्या वेळी मी सगळ्या शाळेपुढं सांगणार हाय, की सर जाणार ही बातमी मी अर्धीच सांगितली. म्हणून सत्कारच चुकीचा झाला. अन् ती शाल उद्या आपल्या दुकानात परत येणार. शाल गेली की सत्कार गेला, सर मोकळे.”

आप्पांनी तागा खाली ठेवला. “येडी का काय! शाल सुंदररावांनी विकत नेलीय. अन् विकलेला माल आपण परत घेत न्हाई. वीस वर्षं पाटी लावलीय तिथं, दिसत न्हाई का?”

“अन् सुंदरराव काय म्हणतील गं?” आईनं सूप खाली ठेवलं.

“त्यांना म्हणावं, सर थांबले म्हणून दुसरा सत्कार करा. पण नुसत्या नारळावर. भाषण मी करते, छोटंच.” शिवांजलीनं पाठीमागं धरलेला हात पुढं केला. हातात धुळीनं माखलेली पाटी होती. “अन् आप्पा, पाटी मी येतानाच उतरवली. शाल आली की पुन्हा लावते.”