कडूबाईची आरोळी

“पेरू कुठंच न्हाई का रं?” पुंजाराममामांनी पुन्हा विचारलं.

वाल्मिकने मान हलवली. शेवगावात बाजारतळामागे त्याचा एका खोलीचा स्टुडिओ होता, आणि त्या खोलीत सकाळपासून कडूबाईमामी ओरडत होत्या. स्क्रीनवर फायलींची रांग लागली होती. द्राक्षं, कलिंगड, आंबा, सीताफळ. दर हंगामाला मामी येऊन नवं फळ पुकारून जायच्या आणि वाल्मिक जुन्या फाइलीला धक्का न लावता नवी आवृत्ती सेव्ह करायचा. मागे एका भजनी मंडळाचं काम जुन्यावरच सेव्ह करून त्याने पोटभर शिव्या खाल्ल्या होत्या. तेव्हापासून तो काही म्हणता काही पुसत नसे.

मामींना जाऊन दोन महिने होत आले, तरी मामांच्या टेम्पोच्या भोंग्यावर त्याच सीताफळं विकत होत्या. ती आरोळी कानावर आली की गावोगावच्या बाया दारातच थबकायच्या, टेम्पोजवळ यायला कचरायच्या. मामांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण आता सीताफळ संपलं होतं, गाडीत राहात्याचा पेरू भरला होता आणि मामींनी पेरू कधी पुकारलाच नव्हता.

वाल्मिकने मामींच्याच जुन्या आरोळ्यांतून ‘पेटी’तला ‘पे’ उचलला, ‘करू’तला ‘रू’ त्याला जोडला आणि वाजवलं.

“ही कोन बाई?” मामा दचकले. “काढ, काढ ती.”

वाल्मिकलाही तो आवाज मामींचा वाटला नव्हता. त्याने ते काढून टाकलं.

आता राहिली होती फक्त सीताफळाची न कापलेली आवृत्ती. रेकॉर्डिंगच्या वेळी मामी मामांना बाहेर पिटाळायच्या, नवऱ्यासमोर ओरडायची त्यांना लाज वाटे. मधली बोलणी, खोकला वाल्मिक स्क्रीनवरच्या आवाजाच्या रेषा नुसत्या बघून छाटायचा. ऐकत बसायला वेळ कुणाला होता? त्याने फाइल लावली.

“घ्या वं माय, गोड गोड सीताफळं!” मग खोकला. मग मामी हळूच बोलल्या, “वाल्मिका, पेरू बी आताच म्हनून ठिवू का? पेरूच्या टायमाला मी न्हाई राहायची.”

“व्हय, व्हय मामी. बघू पेरूच्या वेळी.” हा वाल्मिकचाच आवाज होता. तेव्हा त्याचं लक्ष आवाज मोजणाऱ्या काट्याकडे होतं, बोलण्याकडे नव्हतं.

“डाक्टरनं काय सांगितलं त्ये ठावं हाय मला. ह्यांच्याम्होरं बोलू नको. त्यांना वाटतंय, मला काय म्हाईत न्हाई. वाटू दे बापड्यांना.”

वाल्मिकने घाईने फाइल थांबवली. स्वतःचं ते ‘व्हय, व्हय’ त्याला फार लागलं. मामा भिंतीकडे बघत होते.

“मी तिला सांगत हुतो, साधा खोकला हाय,” ते म्हणाले. “आन् ती ‘व्हय’ म्हनायची.”

 वाल्मिक कामाचंच बोलला. “मामा, शब्द मिळाला. आवाज बारीक आहे, पण कापून मोठा करतो.”

“न्हाई. त्यो गावात वाजवायचा न्हाई. त्यो आमच्या घरातला हाय.” मामा उठले आणि टोपी सारखी करून माईकसमोर जाऊन उभे राहिले. “तिचं गोड गोड तेवढं ठिव. फुडचं मी म्हनतो.”

पहिल्यांदा नुसती हवाच आली. मग घोगरा, न सरावलेला आवाज निघाला, “पेरू!”

वाल्मिकने मामींची अर्धी आरोळी घेतली आणि तिच्यापुढे तो शब्द ठेवला. “मधे जरा जागा सोडतो, मामा. नाहीतर तोडून जोडल्यासारखं वाटेल.”

“नको सोडू,” मामा म्हणाले. “आमी दोघांनी बी लई दिस सोडली.”

वाल्मिकने दोन्ही आवाज एकमेकांना भिडवले आणि नवी आवृत्ती सेव्ह केली.