नावाने हाक मारणारा

रुक्मिणीने कळशीतले पाणी नवऱ्याच्या डोक्यावर ओतले. मसणातून आलेल्या माणसाला आंघोळीशिवाय घरात घ्यायचे नाही, म्हणून गंगाराम मागीलदारी माडाच्या बुंध्याशी उकिडवा बसला होता. दुसरी कळशी रिकामी झाली तरी तो उठेना.

"उठा आता. थंडी भरतली."

"बाबली गेलो," तो म्हणाला. "आता माका नावान हाक मारणारो कोण रवलो नाय."

ती हसणार होती, पण तिने त्याचा चेहरा पाहिला. खरेच होते ते. गंगाराम हे त्याच्या आजोबांचे नाव. सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, त्यामुळे जन्मदात्या आईनेही त्याला मरेपर्यंत बाबू म्हटले. बोटीवर तीस वर्षे तो खलाशांचा सारंग, म्हणजे म्होरक्या, होता आणि गावात परतला तो सगळ्यांचा आबा होऊन. एवढे भारदस्त नाव, पण जवळजवळ कोरेच राहिले. ते वापरले एका बाबलीने, त्याच्या लहानपणच्या सोबत्याने. रोज सकाळी अर्ध्या वाडीला जाग येईल अशा आवाजात तो शेजारून हाक मारायचा.

"तू एकदा मार गो," गंगाराम म्हणाला.

"काय?"

"हाक."

तिने रिकामी कळशी खाली ठेवली.

"वेड लागला काय तुमका? घोवाचा नाव घेतल्यान तेचा आयुष्य कमी होता."

"आणि लग्नात घेतलंस ता?"

"ता उखाण्यात. उखाण्यातला चलता."

त्यानंतर त्याने पुन्हा मागितले नाही. त्याचेच तिला जास्त लागले. सकाळी तो उगाच ओटीवर येऊन उभा राही, थोडा वेळ कान देई आणि परत आत जाऊन आडवा होई. पेज अर्धी टाकून उठे. ह्या माणसासाठी ती काय वाटेल ते करायला तयार होती. नेमके हेच सोडून, आणि तेही त्याच्याच जिवाच्या काळजीने. चाळीस वर्षे 'आयकलात?' म्हणून संसार रेटला होता तिने.

महिन्याभराने, एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत, कट्टा गावच्या शाळेतले सत्यवान मास्तर शिरगणतीचे कागद घेऊन आले. गंगाराम आतल्या बाकावर डोळे मिटून पडला होता. रुक्मिणीने मास्तरांना ओटीवर बसवले.

"घरात माणसं किती?"

"दोघां."

"कुटुंबप्रमुखाचं नाव..." मास्तर स्वतःशीच हसले. दर घरी बायका इथेच अडत. "राहू द्या माई. तुमच्या शेजारी विचारून लिहिलंय मी."

रुक्मिणीने डोक्यावरून पदर घेतला. तुळशीकडे बघून हात जोडले, आणि जोडलेले हात बराच वेळ सोडले नाहीत.

"नाय," ती म्हणाली. "माका इचारा."

"अहो, पण लिहिलंय..."

"तरी इचारा."

मास्तर गोंधळले. "बरं. कुटुंबप्रमुखाचं नाव?"

तिचे ओठ दोनदा हलून मिटले. मग मास्तरांकडे न बघता, आतल्या काळोखाकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली,

"गंगाराम!"

"ओ!"

बाक करकरले. धोतर सावरत, धडपडत तो दारात आला. बासष्ट वर्षांचा सारंग, आणि खेळायला बोलावलेल्या पोरासारखा धापा टाकत होता.

"काय गो?" त्याने विचारले.

"काय नाय," रुक्मिणी म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावत स्वयंपाकघराकडे वळली. "मास्तरांक चाय करतंय."