महाराजांचा बारीक उंदीर

"झाला! झाला बारीक!" सभागृह टाळ्यांनी दणाणलं. गेल्या रविवारी टेबलावरच्या काचेच्या पेटीत लोण्याच्या गोळ्यासारखा लठ्ठ, काळा उंदीर होता. आज त्याच पेटीत सडसडीत काळा उंदीर तुरुतुरु पळत होता. मेदहारी महाराजांनी कृतार्थपणे डोळे मिटले. त्यांचं स्वतःचं पोट मात्र होतं तिथेच होतं.

"सात दिवस फक्त आमचं तीर्थ! आम्ही चरबीला म्हटलं, जा. गेली बापडी! गोळ्या बंद, सुया बंद!"

"बघितलंस, ताई?" धाकटीने कोपराने ढोसलं. ती तीर्थाची तिसरी बाटली संपवत होती, तरी ओठ कोरडेच. दोन दिवस तिने इन्सुलिन घेतलंच नव्हतं, आणि हे ताईला आत्ता इथे बसल्यावर कळत होतं! ताई तडक मंचावर चढली.

"भाविकांनी लांबूनच..." महाराज गडबडले.

"भाविक नाही, उंदीरवाली आहे मी. अठरा वर्षं प्रयोगशाळेत हेच सांभाळतेय." तिने झाकण काढून उंदीर अलगद बाहीवर घेतला. "धाकटे, गेल्या रविवारचा फोटो काढ. कान बघ."

"उजव्या कानाला दोन भोकं आहेत."

"याच्या डाव्या कानाला एकच. आमच्याकडे उंदरांना नावं नसतात, कानाच्या भोकांवरून नंबर ओळखतात. भोक सात दिवसांत बुजत नाही. आणि तीर्थ पिऊन ते या कानावरून त्या कानावर तर मुळीच जात नाही!"

सभागृहात हशा पिकला. "ही तर माया..." महाराजांनी सुरुवात केली, तेवढ्यात टेबलाखालून कुरुमकुरुम ऐकू आलं. पुढच्या रांगेतल्या एका शिंप्याने टेबलावरचं कापड ओढलं. खाली टोपलीत लठ्ठोबा बसून बिस्किटं हाणत होता.

"हे दोघं भाऊ असणार," ताई म्हणाली. "या लठ्ठोबाचं एक जनुक बिघडलेलं असतं, म्हणून पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचतच नाही. अंगात चरबी कशी तयार होते ते शिकायला शास्त्रज्ञ असे उंदीर वर्षानुवर्षं तपासतात. तेसुद्धा चरबीला नुसतं 'जा' म्हणत नाहीत!"

महाराज चपला हातात घेऊन मागच्या दाराने सटकले.

"पण बाई, श्रद्धा..." कुणीतरी पुटपुटलं.

"ठेवा की! पण आधी विचारा, हा तोच उंदीर कशावरून? एवढं एक जरी टाळ्या वाजवण्याआधी विचारलं असतंत!" मग तिने धाकटीचा हात घट्ट धरला. "त्याने उंदीर बदलून आणला गं. मी दुसरी धाकटी कुठून आणू? ऊठ, आधी दवाखान्यात चल."

धाकटी उठली. तीर्थाची बाटली खुर्चीवरच राहिली.