दाराशी बसलेली सोबतीण

मास्तरांनी पन्नास वर्षं कपडे शिवले आणि डझनभर शिकाऊ कारागीर हाताखाली तयार केले. आता डॉक्टरांनी हात टेकले होते. फार तर महिना. "मला घरीच जाऊ दे," एवढंच त्यांनी मुलीला सांगितलं. ताईने मान डोलावली खरी, पण हे आपल्याला जमेल का, ते तिला ठाऊक नव्हतं. धाकटा भाऊ रोज फोनवर तेच म्हणे, "हट्ट सोड, ताई. ऐन वेळी तू गडबडून जाशील."

शेवटच्या दिवसांत माणसाच्या आणि घरच्यांच्या सोबतीला राहणाऱ्या बायका असतात, असं नर्सने सांगितलं होतं. मास्तरांना घरी आणल्यावर ताई तशी सोबतीण शोधू लागली.

पहिली इतकं हळू आणि गोड बोलली, की ती गेल्यावर मास्तर म्हणाले, "हिला नको गं आणू. आत्ताच गेल्यासारखं वाटलं." दुसरीने चार पानी फॉर्म भरून घेतला आणि मास्तरांकडे एकदाही बघितलं नाही.

तिसरी चांगली जाडजूड, जिना चढून धापा टाकत आली. आधी पाणी मागितलं, मग खुर्ची ओढून पलंगाशी बसली.

"मास्तर, भीती कशाची वाटते?"

हे काय विचारणं झालं, असं ताईला वाटलं. पण मास्तर सरळ बोलले. "मरायची नाही. आपल्या हातून चुकलं असं हिला वाटलं, तर ही जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल. त्याची."

"मग शिकवू या की हिला. तुम्ही आणि मी मिळून." ती उठून समोरच्या दिवाणावर आडवी झाली. "ताई, मी आता मास्तर. वळवा कुशीवर."

"तुम्हाला?"

"मी त्यांच्या दुप्पट आहे. मला वळवलंत, की मास्तर म्हणजे उशी!"

मास्तर खुदकन हसले. ताईने खांदा धरून ओढलं. बाई तसूभर हलली नाही.

"खांदा नको!" मास्तर पलंगावरून खेकसले, शिकाऊ पोरांवर खेकसावं तसे. "हॉस्पिटलात तीन आठवडे मलाच वळवत होते, मला ठाऊक आहे. गुडघा आधी दुमड. मग कमरेला हात. घाई कसली?"

तिसऱ्या खेपेला सोबतीण कुशीवर वळली.

पुढच्या दिवसांत ताई बरंच शिकली. ओठ कापसाच्या बोळ्याने ओले करायचे, तोंडात पाणी ओतायचं नाही. पाय गार पडले तर पांघरूण घालायचं. एकदा सोबतिणीने शेवटी श्वास कसा होतो तेही घशातून काढून दाखवलं. घरघर, मग लांबलचक थांबणं, पुन्हा घरघर. "ऐकणाऱ्यालाच जास्त त्रास होतो. आपण हात धरून बसायचं."

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. "छान काढलीत हो नक्कल. आता मलाही ओळखू येईल."

एका दुपारी चारच्या सुमारास ती घरघर सुरू झाली. तेवढ्यात भावाचा फोन आला. "मी निघालोय! तू ॲम्ब्युलन्स बोलाव!"

ताईने सोबतिणीकडे पाहिलं. ती दाराशी स्टुलावर बसली होती, हात मांडीवर.

"तुम्ही सांगा ना, काय करू?"

"तुम्हाला काय ऐकू येतंय?"

ताईने कान दिला. घरघर, थांबणं, घरघर. शिकवलेलं तेच. "नाही बोलावत," ती फोनवर म्हणाली. "बाबांना घरीच राहायचंय. तू सांभाळून ये."

तिने वडिलांचा गुडघा दुमडला, कमरेला हात घातला आणि त्यांना अलगद कुशीवर घेतलं. घरघर उतरली. तिने त्यांचे ओठ ओले केले, हात धरला. तासाभराने श्वास थांबला तो पुन्हा आला नाही.

एवढ्या वेळात सोबतीण जागची उठली नाही. कित्येक माणसांना वळवत आलेले ते हात तासभर नुसते मांडीवर ठेवणं किती अवघड गेलं असेल, हे ताईला मागाहून उमगलं.

भाऊ आला तेव्हा आधी खूप रडला. मग सोबतिणीला म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून निभावलं."

"मी दाराशी होते. निभावलं ते ताईंनी."

ताईने डोळे पुसले, भावाला जवळ बसवलं आणि बाबांचा शेवटचा तास कसा गेला ते पहिल्यापासून सांगू लागली, कुठेही न अडखळता.