वीस फुग्यांची पाजणी

आपल्याला तोंड आवरत नाही हे शालिकरामांना चांगलं ठाऊक होतं. पण ठाऊक असून उपयोग काय? नात काजल नव्या शाळेतून आली आणि म्हणाली, ख्रिसमसच्या झाडाला टांगायला घरी केलेलं काहीतरी न्यायचंय. तेव्हा माणसानं गप चहा प्यावा की नाही?

"कागदाच्या चांदण्या काय नेतं वं? कोष्ट्याची पोर तू! सुताचे गोळे करू. तुह्या आजोबाचा जलम सुतात गेला," ते बोलून मोकळे झाले.

काजलनं ते जसंच्या तसं वर्गात सांगितलं. चार महिन्यांत तिला तिथे एकही मैत्रीण मिळाली नव्हती. त्या दिवशी मात्र सगळ्या पोरी तिच्याभोवती जमल्या आणि ती वीस गोळे कबूल करून आली. शालिकराम पुरते अडकले.

कारण त्यांचा जन्म सुतात गेलाच नव्हता. वडील हातमागावर बसत, आणि हे सतराव्या वर्षी जे पळाले ते थेट हिंगण्याच्या कारखान्यात. तिथे छत्तीस वर्षं नट-बोल्ट कसले. सुतातलं त्यांना एकच काम येत होतं, ते म्हणजे पाजणी. विणण्याआधी ताण्याच्या उभ्या धाग्यांना पिठाची खळ पाजतात, त्या खळीचं भांडं लहानपणी त्यांच्याच गळ्यात असे.

रविवारी सकाळी गच्चीवर काजल आणि शेजारचा विहंग फुगे घेऊन बसले. विहंगनं आईच्या मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. धागा डिंकात बुडवायचा, फुग्यावर गुंडाळायचा, वाळला की फुगा फोडायचा. आत पोकळ, जाळीदार गोळा.

"डिंक काय करतं बे? खळ म्हणजे खळ!" शालिकरामांनी पातेलं ढवळलं आणि वरून पळीभर तेल ओतलं. "हे लक्षात ठेवा. तेल नाही टाकलं तर धाग्याले धागा चिकटते. माहे बाबा याच्यासाठी हातावर छडी मारत होते."

मग एका रात्रीत नऊवारी विणल्याची गोष्टही झाली. पोरं भारावून ऐकत होती. तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या त्यांच्या बायकोनं, कुसुमावतींनी, तेलाकडे एकदा पाहिलं, तोंड उघडलं, आणि पुन्हा शेंगांत डोकं घातलं.

दुपारपर्यंत वीस फुगे दोरीवर लटकले. खालून जाणाऱ्या प्रत्येकाला शालिकरामांनी स्वतःहून हाक मारून ते दाखवले. कोणी विचारलं नव्हतं, पण दाखवले.

सोमवारी शाळेतून आल्या आल्या काजलनं पहिला फुगा फोडला. फट्! धागा सरसर खाली आला आणि शेवयांसारखा ढीग झाला. दुसरा फोडला, तोही तसाच. सातव्या फुग्यानंतर विहंगनं टाचणी खाली ठेवली.

काजल रडली नाही. "परवा गोळे द्यायचे आहेत. मी आता शाळेत जाणारच नाही," एवढंच म्हणाली. शालिकरामांना ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

"सूतच बोगस निघालं! लकडगंजच्या दुकानदारानं फसवलं," त्यांनी सुरू केलं आणि साक्षीसाठी बायकोकडे वळले. "काय वं?"

"तेल," कुसुमावती हळूच म्हणाल्या.

शालिकरामांनी कपाळावर हात मारला. धाग्याला धागा चिकटू नये म्हणून तेल, आणि इथे तर नेमकं चिकटायलाच हवं होतं!

"तुले कालच समजलं होतं?"

"माहेरी दहा वर्षं मागावर बसली मी. मले नाही समजणार?"

"मग बोलली काहून नाही?"

"पोरांपुढे तुम्ही एवढे रंगात आले होते. म्हटलं, राहू द्या."

शालिकरामांनी आठवून पाहिलं. तीस वर्षं ते प्रत्येक पाहुण्याला आपल्या विणकामाच्या गोष्टी सांगत आले, आणि ही बाई चहाचा ट्रे धरून तिथेच उभी असायची. एकदाही हसली नाही. स्वतःची त्यांना मनापासून लाज वाटली.

सुताला शिव्या घातल्या असत्या तर पोरांनी खरं मानलं असतं. पण ते काजलसमोर फतकल मारून बसले. "बाई, सूत चांगलं आहे. तुह्या आजोबालेच विणता येत नाही. मी मागावरून पळालो होतो. येते ते तुह्या आजीले."

"मग ती नऊवारी तुम्ही एका रात्रीत विणली होती ते?" विहंगनं विचारलं.

"फेकत होतो बे."

विहंग खो खो हसला. मग काजलही हसली. कुसुमावतींनी पदर खोचला, बिनतेलाची घट्ट खळ शिजवली आणि पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसली. शालिकरामांकडे फुगे फुगवायचं काम आलं. बाराव्या फुग्याला त्यांना भोवळ आली, पण ते ब्र न काढता फुगवत राहिले.

बुधवारी काजल वीस ताठ, जाळीदार गोळ्यांचा खोका घेऊन गेली आणि उड्या मारत परत आली.

"टीचरनं विचारलं, कोणी शिकवलं? मी आजीचं नाव सांगितलं."

"आणि माहं?"

"तुमचंही सांगितलं. आजोबा फेकत होते, मग त्यांनी स्वतःच कबूल केलं म्हणून. सगळा वर्ग हसला. वेदिका म्हणाली, तिचे बाबाही असेच फेकतात, पण कबूल कधीच करत नाहीत. ती आज आपल्या घरी येणार आहे."

"आजीजवळ शिकायले?"

"नाही. तुम्हाले पाहायले."

शालिकराम घाईघाईनं उठले आणि इस्त्रीचा शर्ट शोधू लागले.