यकृतातलं तांबं

बापाचा दवाखाना सहा वर्षं नीट सांभाळल्यावर धाकटीनं एक दिवस जेवताना सांगितलं, की तिला पुन्हा शिकायला जायचंय. तीन वर्षांसाठी, मोठ्या प्रयोगशाळेत. जनावरं कशानं मेली हे शोधून काढायचं शिक्षण.

दवाखाना जनावरांचा होता. वडिलांना सगळे थोरले डॉक्टर म्हणायचे, आणि पदवी घेऊन ती त्यांच्या हाताखाली आली तशी आपोआप धाकटी डॉक्टर झाली. घरात दोन बहिणींत ती धाकटी होतीच. तिला चौतिसावं लागलं होतं. या वयात लोक शिकवायला लागतात, ही शिकायला निघाली.

थोरल्यांनी घास खाली ठेवला. "जिवंत जनावरं सोडून मेलेल्यांच्या मागे कशाला लागतेस?" एवढंच म्हणाले, आणि नंतर त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. पुढचे दोन महिने बापलेकीचं बोलणं आईमार्फत चाललं. धाकटीला रात्रीच्या गाडीनं जायचं की सकाळच्या, हेसुद्धा त्यांनी आईलाच विचारलं.

तिला दवाखान्याचा कंटाळा आला होता असं नाही. तिला अंदाजपंचे काम करण्याचा कंटाळा आला होता. ताप उतरला की औषध लागू पडलं म्हणायचं, जनावर दगावलं की आणायला उशीर झाला म्हणायचं. एका गोठ्यात लागोपाठ तीन वासरं गेली, तेव्हा तिसरं तिनं स्वतः उघडून पाहिलं होतं. समोर सगळं मांडलेलं असूनही तिला काही वाचता आलं नाही. मग तिनं तुकडे बाटलीत भरून प्रयोगशाळेला पाठवले. आठवड्यानं चार ओळींचं उत्तर आलं आणि त्या चार ओळींवर उरलेली सगळी वासरं वाचली. अशा ओळी लिहिणारा माणूस कसा तयार होतो, हे त्या दिवसापासून तिच्या डोक्यात बसलं होतं.

तिच्या वर्गातले एव्हाना दाही दिशांना पांगले होते. एक लस बनवणाऱ्या कंपनीत होता, एक प्राणिसंग्रहालयात हत्तींचे पाय तपासत होती. एकानं मालक सहलीला गेले की त्यांची कुत्री सांभाळायचा धंदा काढला होता, आणि सगळ्यांत सुखी तोच दिसायचा. संशोधनाकडे मात्र फारसं कोणी वळलं नव्हतं. हातात पदवी असताना पुन्हा विद्यार्थी व्हायला कोण जातो?

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी तिला रबरी बूट आणि एप्रन मिळाला. शवविच्छेदनाची खोली थंडगार होती. मध्ये स्टीलचं टेबल, वर जनावर उचलायची साखळी. बरोबरचे शिकाऊ तिच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान होते आणि तिला ताई म्हणायला लागले. विभागप्रमुख मॅडम बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. त्या बरोबर की चूक कधी सांगायच्याच नाहीत. धाकटी सूक्ष्मदर्शकातून पाहून आजाराचं नाव सांगायची, की त्या म्हणायच्या, "आजार नंतर. आधी काय दिसतं ते सांगा."

सहा वर्षं लोकांना आजाराची नावं सांगून झालेल्या डॉक्टरला हे जड गेलं. पहिले कित्येक महिने तिला वाटायचं, आपण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलो. तिथे मेणात बसवलेल्या तुकड्यांचे पातळ काप काढून काचेवर चढवणारे एक वयस्कर तंत्रज्ञ होते, त्यांना सगळे काचवाले काका म्हणायचे. त्यांनी तिला यंत्रावर बसवून काप काढायला शिकवलं. तिचे काप फाटायचे, चुरगळायचे. काका शांतपणे नवा ठोकळा लावून द्यायचे. पाचव्या महिन्यात एकदा सलग सरळ पट्टी निघाली, तेव्हा काकांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवली. तिथे यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आईच्या फोनवरून तिला कळलं, की एका मेंढपाळाच्या कळपात मरतूक लागलीय आणि थोरले रोज तिकडे खेपा घालतायत. गोचीड ताप धरून त्यांनी इंजेक्शनं दिली होती, पण गुण येत नव्हता. नमुने पाठवा, असा निरोप तिनं आईकडे दिला.

चार दिवसांनी सकाळी तिला स्वागतकक्षात बोलावणं आलं. थोरले काउंटरशी उभे राहून, चष्मा नाकावर ओढून, इतर कोणीही भरावा तसा फॉर्म भरत होते. बाहेर जीपमध्ये ताडपत्रीखाली दोन मेलेल्या मेंढ्या होत्या. एकशेचाळीसातल्या अकरा गेल्या, ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

घरचीच केस असल्यामुळे तिनं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच करा, मी शेजारी उभी राहते. थोरल्यांनाही बूट आणि एप्रन देऊन आत घेतलं.

तिनं पहिली मेंढी उघडली. चरबी लिंबासारखी पिवळी होती. मूत्राशयात काळ्या चहासारखी लघवी. मूत्रपिंडं निळसर काळी, ढग भरून यावेत तशी. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि तिनं दिसलं ते एकेक सांगितलं, आजाराचं नाव न घेता. मग तिनं फॉर्म पुन्हा पाहिला. खुराकाचा रकाना कोरा होता.

"बाबा, त्यांना चाऱ्याशिवाय काय घालतात?"

"विशेष काही नाही," थोरले म्हणाले. मग म्हणाले, "खनिज मिश्रण. अशक्त वाटत होत्या म्हणून पाच महिन्यांपूर्वी मीच सांगितलं. गाईंना देतो तेच."

वाक्य संपता संपता त्यांचा आवाज खाली गेला. गाईंच्या मिश्रणात तांबं असतं. गाईला ते मानवतं, मेंढीला मानवत नाही. मेंढीच्या यकृतात ते महिनोन्‌महिने साठत राहतं, जनावर वरून धडधाकट दिसतं, आणि मग एखादा ताण पडला की सगळं एकदम रक्तात उतरून तांबड्या पेशी फुटतात. चाळीस वर्षांपूर्वी पुस्तकात वाचलेली ती एक ओळ थोरल्यांना आता आठवली. ते टेबलाजवळ आले, वाकून त्या काळ्या मूत्रपिंडाकडे बराच वेळ बघत राहिले.

काचा आणि रसायनशाळेकडून तांब्याच्या प्रमाणाचा आकडा यायला चार दिवस लागणार होते, पण मिश्रण आजच बंद करायला हवं, असं धाकटी म्हणाली. थोरले बाहेर जाऊन मेंढपाळाला फोन करून आले आणि चहासुद्धा न घेता परत निघाले.

रक्ताच्या काचेत गोचीड तापाचे जंतू नव्हतेच. यकृताचा काप काकांनी तांबं दाखवणाऱ्या रंगात बुडवून दिला, तेव्हा पेशीपेशीत विटकरी रंगाचे दाणे दिसले. चौथ्या दिवशी आकडाही तेच सांगून गेला. धाकटी अहवाल लिहायला बसली आणि एका ओळीपाशी अडली. मिश्रण कोणाच्या सल्ल्यानं दिलं, ते लिहायचं का? मॅडमनी मागून वाचलं आणि सांगितलं, जनावराच्या पोटात काय गेलं ते अहवालात लागतं, कोणी सांगितलं ते लागत नाही. ते सांगायची जागा वेगळी असते.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. आईनं उचलला, तेव्हा बाबांना द्यायला सांगितलं.

"तांबंच आहे, बाबा."

"म्हणजे मीच मारल्या."

तिला काहीतरी मऊ बोलता आलं असतं. ती म्हणाली, "मिश्रण तुम्ही सांगितलं होतं. त्यानंच गेल्या."

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," थोरले म्हणाले. "गोचिडाची इंजेक्शनं देत बसलो. बरं झालं सरळ सांगितलंस. आता उरलेल्यांचं काय करायचं, ते सांग." दीड वर्षात बापानं लेकीला थेट विचारलेला तो पहिला प्रश्न होता. पुढचा अर्धा तास ती औषधं आणि मात्रा सांगत होती, ते लिहून घेत होते.

दुसऱ्या दिवशी ते मेंढपाळाच्या दारात गेले आणि चूक माझी, असं त्याला तोंडावर सांगितलं. तो रागावला नाही. अजून किती जातील, एवढंच त्यानं विचारलं. साठलेलं तांबं लगेच जात नाही, अजून काही जातील, थोरले म्हणाले. सहा आठवडे ते रोज जाऊन स्वतःच्या हातानं औषध पाजत राहिले. आणखी पाच मेंढ्या गेल्या, बाकीच्या वाचल्या. त्यानंतर तो मेंढपाळ मेंढ्या दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊ लागला. त्याच्या गाई मात्र थोरल्यांकडेच राहिल्या.

त्याच सुमारास थोरल्यांनी आपल्या जुन्या रुग्णवह्या काढल्या. पिवळ्या पडून मेलेल्या मेंढ्यांची नोंद त्यांना चार ठिकाणी सापडली आणि चारही ठिकाणी पुढे गोचीड ताप लिहिलेलं होतं. वह्या त्यांनी गठ्ठा बांधून लेकीला पाठवल्या. त्या वाचून धाकटी मॅडमकडे गेली. मेंढी वरून धडधाकट असतानाच रक्त तपासून साठा ओळखता येईल का, हा तिचा प्रश्न होता. मॅडम म्हणाल्या, यावर पुस्तकात आहे ते थोडं आहे, तुम्ही पीएचडी करा.

तीन वर्षं संपली, परीक्षा झाली, आणि ती परत गेली नाही. तिला वाटलं, आता पुन्हा दोन महिने अबोला. पण थोरल्यांनी दवाखान्यात एक नवा डॉक्टर ठेवला होता आणि स्वतः आठवड्यातून दोन दिवस कळपांमध्ये हिंडून तिच्यासाठी रक्ताचे नमुने गोळा करायचं कबूल केलं होतं. पहिल्या खेपेला साठ नळ्या आल्या. अक्षर सुरेख, पण निम्म्यांवर तारीख नव्हती. धाकटीनं त्या नळ्या बाद केल्या आणि त्यांची यादी लेखी पाठवली.

आई फोनवर हसत होती. थोरले दिवसभर म्हणे धुसफुसत होते, की लेक शिकली म्हणून काय झालं, माणसानं इतकं कडक असू नये. मग दुपारी जेवून उठले, ती यादी खिशात घातली आणि त्या तीस मेंढ्यांचं रक्त पुन्हा घ्यायला निघाले.